या तिरंदाजाचा रोजमुरा किती?

मध्ययुगीन युरोपातल्या फौजांविषयी मला जे थोडंफार कळतं, त्याची सुरुवात ग्रंथातून झाली नाही. ती झाली संगणकावरच्या एका खेळातून, आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, मोडी वाचण्यात हयात घालवलेल्या एका गृहस्थांच्या प्रश्नांतून. खेळ अमेरिकेतल्या मंडळींनी केलेला आणि काका सदाशिव पेठेतले. दोघांना एकमेकांची खबरही नव्हती. पण माझ्यापुरतं पाहायचं तर दोघांचं ऋण एकमेकांत इतकं गुंतलेलं आहे, की एकाचं मानावं आणि दुसऱ्याचं विसरावं असं मला करताच येत नाही. आता मी इतिहास शिकवतो. वर्गात येणारी बरीच मुलं असेच खेळ खेळत इतिहासाकडे वळलेली असतात आणि ‘सर, गेममधलं सैन्य खरं असतं का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. या प्रश्नाकडे कसं पाहायचं हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांच्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग १९९९ साली आला. डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओज या कंपनीनं तो केला होता. आमच्या घरात तो आणला माझ्या मावसभावानं. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत आमच्याकडे राहायला आला आणि जाताना सीडी माझ्या हवाली करून गेला. पहिलं ऋण त्याचं. दुसरं त्या खेळाच्या कर्त्यांचं, कारण कोणी सांगितलेलं नसताना त्यांनी एक मोलाचं काम करून ठेवलं होतं. खेळ सुरू केला की लढाईच्या बटणांसोबत ‘हिस्टरी’ नावाचंही एक बटण दिसे. ते दाबलं की किल्ल्यांविषयी, शस्त्रांविषयी, एकेका संस्कृतीविषयी लिहिलेली पानंच्या पानं समोर येत. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ती वाचत बसे. मॅमलूक, जॅनिसरी, हसकार्ल, कॅटाफ्रॅक्ट ही नावं मला शाळेच्या पुस्तकात भेटली नसती. खेळणाऱ्या पोरांपैकी एखादं वाचणारंही असेल, असा विश्वास त्या लोकांनी ठेवला होता. त्या विश्वासाचा मी लाभार्थी आहे.

खेळात तेरा संस्कृती होत्या आणि प्रत्येकीचं स्वतःचं असं एक खास पथक होतं. ब्रिटनांचे लांब धनुष्याचे तिरंदाज, फ्रँकांचे कुऱ्हाडफेके, सॅरसनांचे मॅमलूक, तुर्कांचे जॅनिसरी. लढाईचं मूळ गणित सोपं होतं. भालाईत घोडेस्वाराला अडवतो, घोडेस्वार तिरंदाजाला तुडवतो, तिरंदाज भालाइताला दुरून टिपतो. हे गणित काही हवेतून आणलेलं नव्हतं. मध्ययुगातल्या लढाया वाचताना ते वारंवार समोर येतं. मी ब्रिटनांच्या बाजूनं खेळत असे, कारण त्यांचे तिरंदाज इतर कोणाहीपेक्षा लांब मारा करत.

काकांचं आयुष्य पेशवे दफ्तरातल्या कागदांवर गेलं होतं. रुमाल सोडायचा, कागद अलगद उलगडायचा, मोडीतली ओळ देवनागरीत उतरवून घ्यायची. निवृत्तीनंतरही अभ्यासक अडलेलं अक्षर घेऊन त्यांच्याकडे येत. लढाईच्या वर्णनापेक्षा लढाईच्या खर्चाच्या कागदावर त्यांचा भरवसा अधिक. वर्णन करणारा आपल्या धन्याला खूश करायला लिहितो, खर्च लिहिणाऱ्याला मात्र दुसऱ्या दिवशी हिशेब द्यायचा असतो, असं ते म्हणत. संध्याकाळी ते आमच्याकडे वर्तमानपत्र वाचायला येत. अशाच एका संध्याकाळी ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“हे कोण रे?”

“इंग्लंडचे तिरंदाज, काका.”

“तयार कसे करतोस?”

“थोडं लाकूड लागतं आणि थोडं सोनं.”

“आणि धान्य?”

“धान्य नाही लागत.”

“तिरंदाजाला खायला लागत नाही?” काकांनी खुर्ची ओढून घेतली. “बरं, याचा रोजमुरा किती?”

रोजमुरा म्हणजे शिपायाला खर्चासाठी नेमून दिलेली रक्कम, हे मला त्यांनीच सांगितलं. मग त्यांचं लक्ष चिलखतातल्या घोडेस्वाराकडे गेलं. “हा घोडा त्याचा, की सरकारचा?” मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी बारगीर आणि शिलेदार यांतला फरक समजावला. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. तो पडला तर सरकार दुसरा देतं. शिलेदाराचा घोडा घरचा. तो पडला तर त्याची रोजीरोटीच गेली. “मग सांग, दोघं एकाच जिद्दीनं घोडा गर्दीत घालतील का?” शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था सभासदानं बखरीत लिहून ठेवली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी. काका त्या नालबंदापाशी आणि पखालजीपाशी थांबले. “पाणी आणि नाल. ही दोन माणसं नसली, तर तुझी ती पंचवीस कुठवर जातील?”

खायला कोण घालतं, रोजमुरा किती आणि कधी मिळतो, घोडा कोणाचा. काकांकडून मला हे तीन प्रश्न मिळाले. महाराष्ट्राच्या कागदपत्रांत घडलेले हे प्रश्न मी नंतर इंग्लंडला नेले, कैरोला नेले, इस्तंबूलला नेले, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी दार उघडून दिलं.

पहिल्यांदा मी तिरंदाजाच्या मागे लागलो. फर्ग्युसन रस्त्यावर ब्रिटिश कौन्सिलचं ग्रंथालय होतं. तिथे जॉन कीगन यांचं ‘द फेस ऑफ बॅटल’ हे १९७६ सालचं पुस्तक मिळालं. त्यातलं अ‍ॅजिनकोर्टवरचं प्रकरण वाचताना मी पहिल्यांदा रणांगणावरची जमीन पाहिली. २५ ऑक्टोबर १४१५. दोन्ही बाजूंना जंगल, मधे नांगरलेलं शेत, पावसानं झालेला चिखल, आणि त्या चिखलातून चिलखत घालून पायी चालत येणारे फ्रेंच सरदार. इंग्लिश तिरंदाजांनी पुढे टोकदार खुंट रोवले होते. बाण संपले तेव्हा हातोडे, कुऱ्हाडी, सुऱ्या घेऊन ते दमलेल्या शत्रूवर तुटून पडले. खेळाच्या पुरवणीत, २००० साली आलेल्या ‘द कॉन्करर्स’मध्ये, अ‍ॅजिनकोर्टची लढाई होती. तिथला तिरंदाज तिरंदाजच राहतो. त्याचे बाण संपत नाहीत, त्यामुळे सुरी उपसण्याची वेळ त्याच्यावर कधी येत नाही.

काकांच्या प्रश्नांची उत्तरं मात्र इंग्लंडच्या हिशेबाच्या कागदांत होती. पाचवा हेन्री १४१५ मध्ये फ्रान्सवर निघाला तो करार करकरून. राजा एकेका कप्तानाशी करार करी आणि तो ठरलेली माणसं घेऊन येई. एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर दोनदा लिहायचा आणि मधून नागमोडी कापायचं. एक तुकडा राजाकडे, एक कप्तानाकडे. पुढे वाद झाला तर दोन्ही कडा जुळवून पाहायच्या. चिलखती स्वाराला रोज बारा पेनी, तिरंदाजाला सहा. सहा पेनी म्हणजे कुशल कारागिराच्या रोजंदारीच्या तोडीची रक्कम. बहुतेक करारांत एका चिलखती स्वारामागे तीन तिरंदाज असं प्रमाण होतं. पहिल्या तिमाहीचा पगार रोख देण्यात आला, पण दुसऱ्या तिमाहीसाठी रोकड नव्हती. म्हणून राजानं आपल्या जामदारखान्यातले दागिने कप्तानांकडे तारण ठेवले. त्यांतले काही राजाच्या मृत्यूनंतरही सुटायचे राहिले होते.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना बाजीरावांनी कर्जाच्या काळजीनं लिहिलेली पत्रं त्यांना आठवली. फौज जिंकत चाललेली असते आणि तिचा धनी सावकाराच्या तगाद्यानं झोपत नसतो, हे त्यांनी मराठी कागदांत अनेकदा वाचलं होतं. आता त्यांना त्यात आणखी एक राजा मिळाला.

अ‍ॅजिनकोर्टच्या आधी हार्फ्लरचा वेढा झाला होता. त्या वेढ्यात हगवणीची साथ पसरली. आजारी पडून इंग्लंडला परत पाठवलेल्यांच्या याद्या आजही उपलब्ध आहेत, कारण गेलेल्या माणसाचा पगार बंद करायचा होता. करार, पगार आणि या याद्या एकत्र वाचून अ‍ॅन करी यांनी २००५ साली अ‍ॅजिनकोर्टवर पुस्तक लिहिलं आणि मूठभर इंग्रजांनी अफाट फ्रेंच सेनेला हरवलं, या लाडक्या कथेला धक्का दिला. त्यांच्या हिशेबानं इंग्लिश बाजूला नऊ हजारांच्या जवळपास माणसं होती आणि फ्रेंच बाजूला सुमारे बारा हजार. हे आकडे सगळ्या अभ्यासकांना मान्य नाहीत, वाद चालू आहे. पण वाद पगाराच्या कागदांवर होतो आहे, ही गोष्ट माझ्या मनावर कोरली गेली. काकांची पद्धत आणि एका इंग्लिश विदुषीची पद्धत एकच होती.

तिरंदाज खेळात काही सेकंदांत तयार होतो. प्रत्यक्षात त्याला किती वेळ लागे, याचं उत्तर समुद्रातून वर आलं. आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे जहाज १५४५ मध्ये पोर्ट्समथजवळ बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं गेलं. गाळात दबून राहिल्यामुळे त्यावरचं लाकूड टिकलं होतं. शंभराहून अधिक अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले. ही धनुष्यं यू नावाच्या झाडाच्या लाकडाची, पुरुषभर उंचीची. ती पूर्ण ताणायला साधारण १०० ते १८० पौंडांचा जोर लागत असावा, असा अंदाज निघाला. जहाजावरच्या सांगाड्यांपैकी अनेकांच्या खांद्याचं एक हाड वयात येताना जसं जुळून यायला हवं, तसं जुळलेलं नव्हतं. पोरवयापासून जड धनुष्य ओढल्याची ही खूण असावी, असं अभ्यासक मानतात. म्हणजे तिरंदाज घडवण्याचा खर्च आधी गावानं आणि घरानं केलेला असे. तिसऱ्या एडवर्डनं १३६३ मध्ये सणासुदीच्या दिवशी इतर खेळ सोडून धनुर्विद्येचा सराव करण्याचं फर्मान काढलं. लाकडासाठी परदेशावर भिस्त होती. १४७२ चा कायदा सांगतो, की व्यापाऱ्यानं आणलेल्या दर टन मालामागे धनुष्याचे चार दांडे आणलेच पाहिजेत. खेळात तिरंदाजासाठी लाकूड मागितलं जातं त्यामागे एवढा मोठा व्यवहार आहे हे कळल्यावर मला त्या साध्या आकड्याविषयी आदर वाटू लागला.

घोड्याच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच मिळालं. खेळात विल्यम वॉलेसची एक मोहीम आहे, शिकाऊ खेळाडूंसाठी. या वॉलेसचा १२९८ मध्ये फॉल्कर्कला पराभव झाला. त्या स्वारीतल्या इंग्लिश फौजेच्या घोड्यांच्या याद्या शिल्लक आहेत. मालकाचं नाव, घोड्याचा रंग, किंमत. निघण्यापूर्वी घोड्याची किंमत ठरवून घ्यायची आणि तो मोहिमेत मेला तर राजानं ती भरून द्यायची, अशी रीत होती. स्वारानं जनावर जपण्यासाठी मागे राहू नये, हा त्यातला हेतू. शिलेदाराची अडचण इंग्लंडच्या राजानं अशी सोडवली होती. काकांनी ही यादी डोळ्यांसमोर आणून पाहिली असावी, कारण ते लगेच म्हणाले, “रंग लिहिलाय ना? मग मेलेला घोडा दाखवून दुसऱ्याचे पैसे मागता येणार नाहीत.”

क्रेसीची लढाई २६ ऑगस्ट १३४६ ची. फ्रान्सच्या राजानं जेनोवाचे आडधनुष्यवाले भाड्यानं आणले होते. ही माणसं त्या विद्येत युरोपात नावाजलेली. त्यांचं धनुष्य ताणायला वेळ लागे, म्हणून ते पाव्हीज नावाच्या मोठ्या ढालीआड उभे राहून लढत. त्या दिवशी ढाली मागे सामानाच्या गाड्यांवर राहिल्या होत्या, आणि ढालींची वाट न पाहता त्यांना पुढे धाडण्यात आलं. इंग्लिश बाणांच्या माऱ्यात ते मागे हटले, तेव्हा त्यांच्याच बाजूच्या फ्रेंच घोडेस्वारांनी त्यांना तुडवलं. २००६ साली आलेल्या ‘मिडीव्हल टू: टोटल वॉर’ या खेळात पाव्हीजवाले आडधनुष्यधारी आहेत आणि त्यांच्या पाठीवरची ढाल सुंदर रंगवलेली आहे. ती ढाल त्यांच्यापासून कधीच सुटत नाही. क्रेसीचा सगळा घात मात्र गाडीत राहिलेल्या ढालींत होता. ज्याला पैसे देऊन आणलं, त्याच्या जिवाची किंमत धन्याच्या लेखी किती होती, हे या एका प्रसंगात दिसतं. काकांनी हा प्रसंग माझ्याकडून दोनदा सांगवून घेतला.

कैरोची गोष्ट वेगळी. पहिल्या खेळातला मॅमलूक उंटावर बसून वाकड्या तलवारी फेकतो. खेळाडू म्हणून मला तो आवडे. ‘खायला कोण घालतं’ हे विचारल्यावर जो मॅमलूक सापडला, तो फार मोठ्या कथेतला होता. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून किपचाक तुर्कांची मुलं विकत आणली जात. कैरोच्या बराकींत ती वाढत. घोड्यावरून भाला, धनुष्य, तलवार चालवणं शिकत. शिक्षण पुरं झालं की त्यांना गुलामीतून मुक्त करत आणि मग जमिनीच्या महसुलावर त्यांचा खर्च चाले. ज्यानं विकत घेतलं, वाढवलं, मुक्त केलं, त्या धन्याशी त्यांची निष्ठा बांधलेली असे. याच घोडेस्वारांनी १२६० मध्ये ऐन जालूतला मंगोलांना हरवलं. त्या लढाईतला बैबर्स, जो लगेचच सुलतान झाला, लहानपणी असाच विकला गेलेला किपचाक मुलगा होता. आपल्या पाठ्यपुस्तकातलं दिल्लीचं गुलाम घराणं, कुतुबुद्दीन ऐबक आणि इल्तुतमिश, याच प्रथेतून आलेलं आहे. तलवार फेकणारा उंटस्वार चुकीचा आहे एवढं सांगून थांबलं, तर हाती काहीच लागत नाही. तो पोरका मुलगा कोणी विकत घेतला हे विचारलं, की कैरोपासून दिल्लीपर्यंतचा इतिहास उलगडतो.

जॅनिसरींचं उत्तर तर त्यांच्या निशाणीतच होतं. बाल्कनमधल्या ख्रिस्ती कुटुंबांतली मुलं उचलून त्यांना मुसलमान करून वाढवलं जाई आणि त्यांना दर तिमाहीला सुलतानाच्या खजिन्यातून पगार मिळे. प्रत्येक तुकडीचा स्वयंपाकाचा मोठा तांब्याचा हंडा असे आणि त्याचा मान झेंड्यासारखा. डोक्यावरच्या टोपीत चमचा खोवलेला असे. हंडा पालथा घातला, की सुलतानाचं अन्न नाकारलं असा अर्थ आणि तो बंडाचा इशारा. खेळात जॅनिसरी बंदूकधारी आहे. बंदूक त्यांच्याकडे पुढे आली हे खरं. सुरुवातीला ते धनुष्यानंच लढत. पण बंदुकीपेक्षा त्या हंड्यानं मला जॅनिसरी अधिक समजावला.

‘मिडीव्हल टू’ मी काकांना मुद्दाम दाखवला, कारण त्यात त्यांच्या प्रश्नाचं एक उत्तर होतं. इथे प्रत्येक पथकाला उभं करायचा खर्च वेगळा आणि दर खेपेला ते पोसायचा खर्च वेगळा. मोठी फौज नुसती उभी ठेवली तरी खजिना रिकामा होतो. शहरातले नागरी शिपाई शहरातच राहिले तर त्यांचा खर्च पडत नाही. ते बाहेर काढले की पडतो. काका बराच वेळ आकडे वाचत राहिले. पुढे मला कळलं, की त्या खेळाच्या पोटात एक साधी मजकुराची फाइल असते आणि त्यात एकेका पथकाची माणसं, शस्त्र, चिलखत, उभारणीचा खर्च, पोसण्याचा खर्च, सगळं ओळीओळीनं लिहिलेलं असतं. ती उघडून मी काकांसमोर ठेवली.

“हा तर जाबता आहे,” काका म्हणाले. “कोणीतरी मन लावून लिहिलाय.”

तो जाबता, म्हणजे नेमणुकांची आणि खर्चाची ती यादी, जगभरच्या खेळाडूंनी आपल्या हातात घेतली. ‘स्टेनलेस स्टील’ नावाचा खेळातला फेरबदल अशाच खेळाडूंनी केलेला. हे काम करणारी माणसं एक पैसाही न घेता रात्री जागत. एखाद्या शिरस्त्राणाचा आकार अमुक शतकात होता की नव्हता, भाल्याची लांबी किती, अमुक राज्यात हे पथक कोणत्या साली उभं राहू शकलं असतं, यावर त्यांनी जुनी चित्रं, थडग्यांवरच्या आकृत्या, उत्खननाचे अहवाल धुंडाळले. त्यांच्यापैकी कोणाचंही खरं नाव मला माहीत नाही. पुरावा मागायचा आणि द्यायचा, ही सवय मला त्यांच्या कामातून लागली. पुढे विद्यापीठात ती मला नव्यानं शिकावी लागली नाही. हे तिसरं ऋण.

मी काही काळ खेळांतल्या विसंगतींची यादी करत होतो. निळ्या रंगानं अंग माखलेले लढवय्ये सीझरच्या वर्णनातले, पण खेळात ते वॉलेसच्या काळात स्कॉटलंडसाठी लढतात. स्कॉटांची खरी ताकद होती दाटीवाटीनं उभ्या राहिलेल्या भालाइतांच्या वर्तुळात. ट्युटन सरदार खेळात सावकाश पायी चालतो. ११९० मध्ये एकरला स्थापन झालेल्या त्या संघाची शक्ती घोडदळात होती. हसकार्ल डेन आणि इंग्लिश राजांच्या पदरचे, खेळात ते गॉथांना दिलेले आहेत. काकांनी ती यादी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, “तिरंदाजाला धान्य लागत नाही, हे यात कुठंय?” त्या प्रश्नानं माझ्या अभ्यासाची दिशा ठरली. पोशाख चुकला तर चित्र बदलून दुरुस्त होतो. पण कोणी न पोसलेला, आजारी न पडणारा, पगार थकला तरी न कुरकुरणारा शिपाई खेळता खेळता मनात जाऊन बसला, की राजे लढाया का थांबवतात, फौजा का फुटतात, वेढे का उठतात, हे काहीच समजत नाही. खेळातलं सैन्य किती खरं, याचं माप मी तेव्हापासून इथे लावतो. त्या मापानं पाहिलं, तर पोसण्याचा खर्च मागणारा खेळ चिलखताच्या कड्या मोजणाऱ्या खेळापेक्षा इतिहासाच्या अधिक जवळ आहे.

काका आता नाहीत. त्यांनी इंग्लंडचा एकही कागद पाहिला नव्हता आणि संगणकाच्या माउसला हातही लावला नव्हता. शेवटच्या काळात मी त्यांना एक गोष्ट सांगू शकलो, याचं मला समाधान आहे. रेडिंग आणि साउथॅम्प्टन विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी १३६९ ते १४५३ या काळातले इंग्लिश सैनिकांचे हजेरीपट आणि इतर नोंदी वाचून सुमारे अडीच लाख नोंदींचा साठा सगळ्यांसाठी मोफत खुला केला. त्यात राजे आणि सरदार थोडे. बहुतेक साधे तिरंदाज. नाव, हुद्दा, कप्तान, साल, मोहीम. या नोंदी टिकल्या त्या कोणाच्या पराक्रमासाठी नव्हे. कप्तान शंभर माणसांचा पगार घेऊन ऐंशीच आणेल, या शंकेपोटी राजाचे कारकून माणसं उभी करून मोजत आणि हजर असलेल्याच्या नावाशी टिंब देत. हे ऐकून काका म्हणाले, “आमचेही असेच वाचलेत.” पेशवे दफ्तरातले हजारो शिपाईही हिशेबाच्या काळजीपायीच आपल्यापर्यंत पोचले आहेत, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

तेव्हापासून माझ्या ऋणकोपणाच्या यादीत सर्वांत वर ते कारकून आहेत. लंडनच्या खजिन्यातले आणि पुण्याच्या फडातले. मी पाहिलेल्या कुठल्याच खेळात त्यांचं पथक नाही, आणि ते नसते तर खेळ करणाऱ्यांना तिरंदाजाविषयी काय माहीत असतं? वर्गातल्या मुलांना मी एकच काम देतो: खेळातलं तुमचं आवडतं पथक घ्या, त्याला कोण खायला घालत होतं, रोजमुरा किती होता, घोडा कोणाचा होता, ते शोधून आणा, आणि ज्यानं हे लिहून ठेवलं त्या माणसाविषयीही चार ओळी लिहा. मुलं सुरुवातीला चिलखताविषयी लिहायला बसतात. महिन्याभरानं ती पगाराच्या तारखांवर, धान्याच्या भावांवर, मेलेल्या घोड्यांच्या किमतीवर आपसांत भांडत असतात. त्या भांडणात काकांचे प्रश्न जिवंत आहेत, आणि मला फेडता येण्याजोगं ऋण मी या एवढ्याच मार्गानं फेडू शकतो.